राखून ठेवलेलं वाक्य

गोमाजी गेला, त्यात मारोतरावांचा फायदा काय होता, ते आधी मांडून घेऊ. मेलेल्या माणसाच्या दारात असला हिशेब करू नये म्हणतात. पण मारोतरावांनी तो चपलेत पाय घालता घालताच केला होता, त्यामुळं आपल्याला पाप लागायचं कारण नाही.

पहिला फायदा असा, की मारोतरावांचं कोणतं वाक्य कोणाच्या मयतीला खर्च झालं हे पाठ असलेला अख्ख्या सानगडीत एकच माणूस होता, आणि तो गोमाजी. तो गेला म्हणजे जुना माल सगळा कोरा झाला. दुसरा असा, की घाटावर बोलताना समोरून येणारी ती खाकरणी कायमची बंद. तिसरा फायदा मारोतरावांनी स्वतःलासुद्धा उघड सांगितला नव्हता. तो येईल पुढं.

मारोतरावांचं बाजारओळीत कापडाचं दुकान. बाप हातमागावर बसायचा, तिथून उठून दुकानाच्या गादीवर आला. रेडिमेडनं धंद्याचा पार चोथा केला, तरी धोतर, लुगडं, टोपी-दुपट्टा आणि मयतीचं कापड यांवर दुकान तगून होतं. आता मयतीचं कापड फाडून देतो त्यानंच घाटावर बोलायचं, हे गावानं कधी ठरवलं ते कोणाला आठवत नाही. अग्नी दिला की लोक टिनाच्या शेडखाली टेकतात आणि कोणीतरी म्हणतं, "मारोतराव, बोला दोन शब्द." मग दोन शब्द, मग दोन मिनिटं मौन, मग तलावावर आंघोळ आणि घर.

दोन शब्दांना माल लागतो. तो मारोतराव मिळेल तिथून उचलत. लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यातून, ट्रकच्या फाळक्यावरून, कॅलेंडरच्या पाठीवरून. कापडाचं थान संपलं की आतला पुठ्ठा उरतो, त्यावर ठसठशीत अक्षरात वाक्य लिहायचं आणि गादीमागच्या फळीवर रचून ठेवायचं. गिऱ्हाईक नसलं की त्यातला एक पुठ्ठा काढून समोर उभा करायचा आणि तो दिवस त्या वाक्यानं काढायचा. 'रागाला एक रात्र अंगणात झोपू द्या' हा पुठ्ठा समोर असला, की त्या दिवशी बायकोशी वाजलं तरी मारोतराव मुकाट जेवून झोपत, आणि सकाळी उठून राहिलेलं भांडण पुरं करत.

गोमाजी शाळेतला जोडीदार. दुसरीतून जो सुटला तो थेट बापाच्या शेतात, धानाच्या बांधीत. वाचायची भानगड नाही, पण दुपारी दुकानाच्या पायरीवर येऊन बसायचा आणि विचारायचा, "आज काय लावलं बे मारोत्या?"

मारोतराव वाचून दाखवत, "झाड सावलीचा हिशेब ठेवत नाही."

"झाड नसन ठेवत. तुह्या बांधावरच्या मोहाची सावली माह्या धानावर पडते, मले ठेवा लागते."

गोंदिया जिल्हा वेगळा झाला, भंडारा अर्धा राहिला, तेव्हा मारोतरावांनी पुठ्ठा लावला होता, 'फांद्या दोन, मूळ एक.' गोमाजी म्हणाला, "मूळ एक हाय तं कचेऱ्या दोन काहून केल्या? आन् माह्या साळ्याच्या जमिनीचा कागद कोणत्या फांदीवर हाय, ते सांग पहिले."

असं प्रत्येक वाक्य गोमाजी दातांखाली धरून पाहायचा, सोनार जुनं नाणं पाहतो तसं. बहुतेक वाकायची.

घाटावर मात्र तो तोंडानं बोलत नसे. बसायचा अगदी समोर. वाक्य नवं असलं तर ऐकून घ्यायचा. शिळं निघालं, की घसा खाकरायचा. लोकांना वाटे, धुरानं ठसका लागला. मारोतरावांना कळे, की चोरी सापडली. परतताना तलावाच्या पाळीवर गोमाजी जवळ येऊन म्हणायचा, "हे तं बाबूलालच्या मायले झालं होतं. मेलेल्याले का उतरलेले कपडे घालतं बे?"

मारोतराव चिडत. पण पुढच्या खेपेला नवं वाक्य शोधत.

मागल्या उन्हाळ्यात गुडघा दाखवायला ते साकोलीला गेले. दवाखान्यातल्या कॅलेंडरवर एक वाक्य दिसलं. नंबर लागेस्तोवर त्यांनी ते इतक्यांदा वाचलं, की डॉक्टरनं काय सांगितलं ते घरी येईतो विसरले. वाक्य असं: बोलणारा गेला तर गोष्ट मागं उरते, ऐकणारा गेला तर गोष्टही जाते.

दुसऱ्या दिवशी पायरीवर गोमाजी. मारोतरावांनी पुठ्ठा दाखवला, वाचला आणि उत्तराची वाट पाहिली. गोमाजीनं तंबाखू मळली, थापटली, ओठाखाली ठेवली.

"हे चांगलं हाय," तो म्हणाला.

"बस्?"

"बस्. कोणासाठी ठेवतं?"

मारोतरावांनी आवाज खाली घेतला. "भय्याजींसाठी."

भय्याजी म्हणजे गावच्या मालगुजाराचे, जुन्या जमीनदाराचे नातू. पंचायत समिती पिढीजात असल्यासारखी वागवली. आता खाटेवर होते, आज जातात का उद्या. त्यांच्या मयतीला भंडाऱ्याच्या गाड्या येणार, खुर्च्या लागणार, माइक लागणार. आजवर मारोतराव टिनाखाली, पाठीवर चितेची धग घेऊन, उघड्या गळ्यानं बोलत आले होते. एकदा तरी माइकवर बोलावं, परक्या गावच्या माणसानं शेजाऱ्याला विचारावं, हे कोण हो, एवढीच त्यांची भूक. फार नाही. पण भूक ती भूक.

गोमाजी खदखदून हसला. "भय्याजीनं जल्मात कोणाचं आयकलं बे? त्याची बायको बोलू बोलू मेली." मग उठता उठता म्हणाला, "पण ठेव. वाक्याचा काही दोष नाही."

पावसाळ्यात, धानाच्या रोवणीच्या दिवसांत गोमाजी गेला. सकाळी बांधीत उतरला, चिखलातच बसला, उठला नाही. भय्याजी खाटेवर तसेच.

मारोतराव कापड घेऊन दारात पोचले तर चंद्रभागाबाई, गोमाजीची बायको, भिंतीला टेकून बसली होती. रडून झालेलं दिसत होतं किंवा अजून सुरू व्हायचं होतं. डोईवरचा पदर ओढून म्हणाली, "भाऊजी, ते म्हणत होते, मारोत्याले सांगजो, माह्यावर शिळं बोलू नोको म्हणा. चेष्टेत म्हणत होते. पण म्हणत होते."

"हो वहिनी," मारोतराव म्हणाले.

गोमाजीचा मुलगा नागपूरहून यायचा होता, तोवर वेळ होता. मारोतराव दुकानात आले, अर्धं शटर खाली ओढलं आणि पुठ्ठे उतरवायला लागले. थकवा असा होता, की एकेक पुठ्ठा भिजल्या पोत्यासारखा जड. किती माणसं पोचवली होती या पुठ्ठ्यांवरून. आणि गंमत ही, की वाक्य वाचलं की त्यामागं ऐकू यायचं ते गोमाजीचं उत्तर. 'कष्टाला फळ येतंच' याच्यामागं, "येते नं, पण माकडं पहिले येतेत." 'समाधान हेच धन' याच्यामागं, "मंग तुह्या दुकानाले कुलूप कायले?" पुठ्ठ्यांवर अर्धाच माल होता. अर्धा पायरीवरून आला होता, आणि तो कुठं लिहिलेला नव्हता.

न वापरलेला पुठ्ठा एकच निघाला. दवाखान्याचा.

मारोतरावांनी तो हातात घेतला. आता तिसरा फायदा सांगायला हरकत नाही. शिळं बोललं तर खाकरणारा कोणी नव्हता, म्हणजे हे वाक्य भय्याजींसाठी शिल्लक राहत होतं. अन् घाटावर येणार किती? भर रोवणीत, जेमतेम शेड भरेल, पिंढऱ्यांपर्यंत चिखल घेऊन. ते वाक्य ऐकणार कोण, आणि सांगणार कोणाला? मारोतरावांनी पुठ्ठ्यावरची धूळ धोतराच्या सोग्यानं पुसली आणि पुठ्ठा परत फळीवर ठेवला. गोमाजी समजून घेईल, असं स्वतःला म्हणाले. मेलेल्यांवर आपण हा भार फार सहज टाकतो.

घाटावर झिमझिम होती. लाकडं धरत नव्हती, रॉकेल ओतावं लागलं. कोणीतरी म्हणालं, "बोला मारोतराव, लवकर बोला, रोवणीचे परे उपडून ठेवले हायेत." ते उभे राहिले. समोरची जागा, जिथं गोमाजी बसायचा, तिथं श्रावण कोतवाल मोबाइल बघत बसला होता.

"दिवा विझला," मारोतराव म्हणाले, "म्हणून उजेड खोटा ठरत नाही."

आणि थांबले. हे बाबूलालच्या मायचं. त्याआधी पोस्टमास्तरांचं. गावात याच्यापेक्षा शिळं काही नव्हतं. बाबूलाल तिसऱ्या रांगेत बसला होता. त्यानं गंभीरपणे मान हलवली, जणू पहिल्यांदाच ऐकत होता.

मारोतराव आणखी थांबले. कोणी खाकरलं नाही. धूर सरळ शेडमधे येत होता, तरीसुद्धा कोणी खाकरलं नाही.

"मौन पाळू," श्रावण म्हणाला, आणि लोक उठले.

तिसऱ्या दिवशी राख सावडून झाल्यावर मारोतराव बसायला गेले. चंद्रभागाबाईनं चहा ठेवायला सांगितला आणि विचारलं, "काय बोलले होते जी भाऊजी?"

बायका घाटावर जात नाहीत, तिला कसं कळावं? मारोतरावांनी गुळमुळीत आवाजात दिव्याचं वाक्य सांगितलं.

चंद्रभागाबाईनं चहाची बशी पुढं केली. मग म्हणाली, "हे तं बाबूलालच्या मायले झालं होतं."

मारोतरावांनी हातातली बशी खाली ठेवली. "तुम्हाले कसं..."

"घाटावरून आले का इथंच बसत आंघोळीले," तिनं अंगणातल्या दगडाकडं मान केली. "मी पाणी टाकत जावो आन् ते सांगत जात. मारोत्या असं बोलला, मी तसं म्हणालो. समदं माह्यापाशी हाय. दिव्याचं आयकून म्हणत होते, इझल्यावर उजेड खरा का खोटा कोण पाहाले जाते, अंधारात पाय तं गड्ड्यात पडतेच." तिच्या तोंडावर हसू येता येता राहिलं. "घ्या, च्या थंडा होऊन राहिला."

एका शब्दानंही तिनं दोष दिला नाही. दिला असता तर मारोतरावांना उत्तर देता आलं असतं, पुठ्ठे पुष्कळ होते.

थंडीत भय्याजी गेले. मुलांनी त्यांना आदल्याच महिन्यात नागपूरला नेलं होतं, तिथंच विजेच्या दाहिनीत उरकलं. गावाला मोबाइलवर फोटो आला, त्याखाली जोडलेल्या हातांची चित्रं. माइक नाही, खुर्च्या नाहीत, गाड्या नाहीत. मारोतरावांनी फोटो पाहिला, शटर अर्धं खाली ओढलं, पुठ्ठा काखेत मारला आणि गोमाजीच्या घरी गेले.

चंद्रभागाबाई अंगणात धान पाखडत होती. "बसा," म्हणाली, सूप न थांबवता.

ते आंघोळीच्या दगडावर बसले आणि पुठ्ठा न पाहताच वाक्य म्हणाले. बोलणारा गेला तर गोष्ट मागं उरते, ऐकणारा गेला तर गोष्टही जाते.

सूप थांबलं.

"हे कोणाले झालं?"

"कोणालेच नाही. गोमाजीसाठीच होतं, वहिनी. मी ठेवून घेतलं."

तिनं सुपातला एक खडा शोधला, सापडला, फेकला. "चांगलं हाय. पण मले सांगून काय होते जी भाऊजी? मी कोणाले सांगू आता?" आणि सूप पुन्हा सुरू झालं. कोंडा उडून मारोतरावांच्या टोपीवर बसत राहिला. त्यांनी झटकला नाही.

तर हिशेब असा. भय्याजींचं काही अडलं नाही, त्यांनी जन्मात कोणाचं ऐकलं नाही, शेवटीही ऐकावं लागलं नाही. गावाचं काही गेलं नाही, त्याला शिळं-ताजं सारखंच. मारोतरावांचं वाक्य जसंच्या तसं शिल्लक आहे, पुठ्ठ्याला डाग नाही, फक्त ते कुठं खपत नाही. गोमाजीनं एवढी वर्षं फुकट ऐकलं आणि शेवटी उतरलेले कपडे घालून गेला. आणि उरलेली भरपाई चंद्रभागाबाई करते आहे, जिचं या व्यवहारात कुठं नावच नव्हतं. दोघांचंही बोलणं तिच्यापाशी आहे, आणि घाटावरून येऊन आंघोळीला त्या दगडावर आता कोणी बसत नाही.