बाळाबाईंचा घोट

बहिरूमामांनी ग्लास उचलला, तोंडापर्यंत नेला आणि तसाच पुन्हा बाकावर ठेवला. हे तिसऱ्यांदा.

"मामा, घ्या की. गरम व्हाया लागलंय," मच्छिंद्र म्हणाला. गाय घेणारा तोच. त्याचा टेम्पो मागे उभा होता आणि चाकाशेजारी मामांची तांबडी गाय निवांत रवंथ करत होती.

बेल्ह्याच्या सोमवारच्या बाजारात मी एकवीस वर्षं चॉकलेट दूध विकतो. पहाटे दूध तापवायचं, कोको आधी वाटीभर कोमट दुधात घोटून घ्यायचा, नाहीतर गुठळ्या होतात, आणि मग कॅन बर्फात. पूर्वी सौदा ठरला की घेणारा देणाऱ्याला चहा पाजायचा. माझ्या ठेल्यावर त्या चहाचं चॉकलेट दूध कधी झालं, मलाही कळलं नाही. नियम मात्र तोच राहिला: देणाऱ्यानं घोट घेतला की जनावर गेलं, मागे फिरायचं नाही. सलीमच्या ग्लासापुढे स्टॅम्पपेपर फिका, असं लोक म्हणतात. मला त्याचा जरा गर्वच आहे.

बहिरूमामा तर गोडाचे भोक्ते. बाजारात काही काम नसलं तरी दोन ग्लास रिचवून जाणारा माणूस. गुडघे गेले, आता वैरण ओढवत नाही, हे त्यांनी मघाशीच सांगितलं होतं. तरी ग्लासातला फेस बसला आणि ते नुसते बघतच राहिले.

"भाव पटला न्हाई का?" मी विचारलं.

"भाव बराय. माणूस बी बराय. पर गाय बाळाबाईची हाये. हिची आई मेल्याव तिनं बाटलीनं दूध पाजून वाढवली हिला. मी तिचा नवरा असलो तरी मी कसा पिऊ?"

मच्छिंद्रनं टोपी काढून डोकं खाजवलं. मी एक रिकामी बाटली विसळली आणि तीत ताजं चॉकलेट दूध भरलं.

"मामांच्या घराकडनं जावा," मी त्याला म्हणालो. "मामींनी घेतलं तर गाय तुमची. न्हाई घेतलं तर राह्यलं."

"लई वाकडं पडतंय, सलीमभाई," तो म्हणाला, पण बाटली त्यानंच जपून पुढच्या सीटवर ठेवली.

तो आठवडाभर मला वाटत राहिलं की बाटली भरलेली परत यावी. आपला माल कुणी पिऊ नये, असं मला आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं.

पुढच्या सोमवारी मामा एकटेच आले. पिशवीतून बाटली काढून त्यांनी बाकावर ठेवली. रिकामी, आतून-बाहेरून लख्ख धुतलेली.

"प्याल्या?"

"आदी गाईला पाजली. वासरू व्हती तवा पाजायची तशी, तोंड काखंत धरून. बुडाला घोटभर राह्यलं, ते घेतलं बाळाबाईनं."

मी विचारलं, "काय म्हणल्या?"

"म्हणली, सलीम साखर लई घालतो."

आम्ही दोघंही हसलो. मी ग्लास भरून दिला. मामांनी तो एका दमात संपवला, मिशा पुसल्या आणि बाटली माझ्याकडे सरकवली.

"ही बी भर. दिवसभर रिकाम्या गोठ्यात बसून असती ती."

आता दर सोमवारी पहाटे, सगळी साखर घालायच्या आधी, मी एक बाटली बाजूला काढतो.