ओव्हरकरंटची तार

कंपन्यांचे पॅच वाचून वाचून माझं माणसांवरचं प्रेम आटलंय, हे आधीच सांगते. माझं काम साधं आहे. सर्किट बोर्डवर यूएसबीची चिप कुठे बसलीय, तिच्यापासून कुठली तार कुठे जाते, याचं वर्णन कंपन्या कर्नलसाठी, म्हणजे संगणक चालवणाऱ्या मूळ प्रोग्रामसाठी, लिहून पाठवतात; अशा मजकुराला पॅच म्हणतात आणि तो मी तपासते. एकदा स्वीकारलेलं वर्णन पुढे बदलता येत नाही, त्यावर साऱ्या जगाचे बोर्ड चालतात. नियम एकच: हार्डवेअर काय आहे ते लिहा, ती चिप हाताळणाऱ्या ड्रायव्हर प्रोग्रामने काय करायचं ते शिकवू नका. एवढं एक वाक्य मोठमोठ्या पगाराच्या शहाण्यांच्या डोक्यात शिरत नाही.

त्यातले एक शहाणे म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान. त्यांच्या कंपनीचा पॅच सातव्यांदा आला होता आणि सातव्यांदा त्यात तेच: 'ओव्हरकरंटच्या इशाऱ्याकडे दुर्लक्ष करावे.' पोर्टमधून जास्त करंट ओढला गेला की चिपला कळवणारी एक तार असते. ती ओरडली तर हे म्हणे दुर्लक्ष करणार! का, तर 'चाचणीत तसे आढळले.' पाट्या टाकाव्यात, पण किती? मी सगळ्यांना दिसणाऱ्या मेल-यादीवर लिहिलं की हे वर्णन नव्हे, हा हुकूम आहे, आणि बोर्डचा नकाशा मागितला.

नकाशा आला नाही, रविवारी जावईबुवाच आले. चहा निवला तरी कपाला हात लावेनात. बहिणीने फोनवर आधीच ऐकवलं होतं की या खेपेला पॅच मंजूर झाला नाही तर यांना घरी बसवणार आहेत, आणि पन्नाशीला टेकलेल्या माणसाला पुन्हा कोण दारात उभं करतो.

मी सरळ विचारलं, "ती तार बोर्डवर जाते कुठे?"

"कुठेच नाही, ताई. जोडायची राहून गेली."

मग सगळं बाहेर आलं. बोर्ड छापून झाले होते. चिपच्या मोकळ्या राहिलेल्या पिनवर खोटे इशारे येत होते. खरं लिहावं तर गिऱ्हाइकं ते वाचणार, म्हणून साहेबांनी ही शब्दांची मलमपट्टी शोधली होती. म्हणजे संरक्षण नाही म्हणायचं नाही, फक्त दुर्लक्ष म्हणायचं. त्या साहेबांची मला किळस आली आणि समोर मूग गिळून बसलेल्या या गृहस्थांचीही. मी म्हटलं, जे आहे ते लिहा, मी लगेच पास करते. नाहीतर आठवा पॅचही परत जाईल. ते मान खाली घालून निघून गेले.

मंगळवारी आठवा पॅच आला, कंपनीच्या नव्हे, त्यांच्या घरच्या मेलवरून. 'या बोर्डवर ओव्हरकरंटची तार जोडलेली नाही.' बस्स. मला त्यात खोट काढायला जागाच नव्हती. मी मंजुरी दिली, आणि खरं सांगते, मिजाशीतच दिली. दुपारी त्यांच्या साहेबांची जाहीर मेल आली: सदर गृहस्थ आता आमच्याकडे नाहीत, पॅच विचारात घेऊ नये. मी उलट टपाली कळवलं की वर्णन बोर्डचं आहे, पॅच स्वीकारला आहे. कशी जिरवली, असं वाटून मी छान जेवलेसुद्धा.

संध्याकाळी बहिणीचा फोन आला. मी रडारडीची तयारी ठेवली होती, पण ती शांत होती.

"ताई, यांनी लिहिलं ते खरं होतं ना?"

"अगदी खरं."

"आणि ते कुणीही लिहून पाठवलं असतं तरी चाललं असतं?"

"हो. इथे कुणालाही पॅच पाठवता येतो."

"रविवारपासून तुलाही माहीत होतं. मग तू का नाही पाठवलास? तुझी तर नोकरी जाणार नव्हती."

मी म्हणाले की तो बोर्ड माझा नाही, माझं काम तपासायचं. तिने फक्त बरं म्हटलं आणि फोन ठेवला. मी पॅच पुन्हा उघडला. एका ओळीचा होता, मला दोन मिनिटंही लागली नसती.