पहिली पंगत कोणाची?

मी राऊटर बोलतोय. दवनीवाड्यात भैयालालभाऊंच्या घरी टीव्हीच्या वर, विणलेल्या रुमालाखाली उकडून निघणारा डबा म्हणजे मीच. धूळ बसू नये म्हणून पार्वताबाईंनी मायेनं पांघरलाय हो, पण मला वारा कोण देणार?

माझं काम साधं. बाहेरून एक बारीक वायर येते. तिच्यातून येईल तेवढं इंटरनेट सगळ्यांना वाढायचं. आणि जेवणारे किती! भाऊंना झाडीपट्टीचं नाटक, पार्वताबाईंना भाज्यांचे व्हिडिओ, रीनाला अभ्यास. वर भिंतीपलीकडच्या शकुंतलाबाई! चटणीची वाटी द्यायला आल्या आणि पासवर्ड घेऊन गेल्या.

घोळ पहिल्याच दिवशी झाला. मला बसवायला आलेल्या भुपेंद्रनं विचारलं, "काकी, कशाले पहिला नंबर देऊ? व्हिडिओ कॉलले, का सिनेमाले?"

"कशाले काय विचारतं बाबू? कोणाले, ते विचार," पार्वताबाई म्हणाल्या. "पहिली पंगत मोठ्या माणसाची. रीनाच्या बाबाचा फोन पहिले. पोरगी मंग."

तो हसला आणि तसंच करून गेला. झालं! भाऊंचं ताट भरायचं, उरलं तर बाकीच्यांना. अहो, नाटक घडीभर थांबलं तर पुन्हा तिथूनच सुरू होतं. बोलणं तुटलं की तुटलंच. पण सांगू कसं? मला तोंड नाही, नुसते दिवे!

मग रीनाची मुलाखत आली. नागपूरच्या दवाखान्यात नर्सची नोकरी, मुलाखत व्हिडिओवर. पोरगी इस्त्रीचा ड्रेस घालून आतल्या खोलीत बसली. नेमकं तेव्हाच भाऊंनी ओसरीत फोनवर नाटक लावलं. नाटकातला सासरा खणखणीत ओरडतोय, आणि इकडे मुलाखत घेणाऱ्या मॅडम म्हणतात, "रीना, तुमचा आवाज तुटतोय. असंच राहिलं तर पुढच्या उमेदवाराला घ्यावं लागेल."

पार्वताबाईंनी मला दोन थापा मारल्या. मारा, मलाच मारा!

"आई, त्याले काऊन मारतं?" रीना दारातून रडवेली होऊन म्हणाली. "बाबाचं नाटक माहा आवाज खाऊन राहिलं!"

पार्वताबाईंनी हात आवरला. मग तरातरा ओसरीत गेल्या. "उठा जी पंगतीतून! पोरगी उपाशी बसून राहिली तिकडं."

भाऊंनी विचारलंसुद्धा नाही. फोन बंद करून उपडा ठेवला. "झालं माहं जेवण."

"हां, आता स्पष्ट येतंय. बोला," मॅडम म्हणाल्या. आणि रीना अशी बोलली, की माझे दिवेसुद्धा लुकलुकायचे थांबले असते.

दुसऱ्या दिवशी भुपेंद्रला बोलावून पंगत बदलली. आता माणूस कोणीही असो, बोलणं आधी, नाटक-सिनेमा मागून.

रीना हल्ली नोकरीला नागपूरला असते. संध्याकाळी आईला व्हिडिओ कॉल करते, तेव्हा ओसरीतलं नाटक ऐन रंगात अडकतं. शकुंतलाबाई भिंतीपलीकडून ओरडतात, "भाऊजी, तुमचंही थांबलं का जी?"

"थांबू द्या," भाऊ म्हणतात. "पोरगी जेवून राहिली."

हे ऐकलं की माझा वैताग उतरतो. फक्त तेवढा रुमाल काढा हो कोणीतरी!