सायराआपाचा डावा जोडा

मित्रांनो, मी एक जुना रबरी जोडा आहे, डाव्या पायाचा. नारिन नदीकाठच्या आमच्या गावात वयस्क बायका मऊ कातडी मोज्यांवरून आम्हाला चढवतात आणि घरात शिरताना दाराबाहेर काढतात. सगळेच जोडे काळे, ओळखायचे कसे? म्हणून माझी मालकीण सायराआपा हिने माझ्या अस्तरात निळ्या दोऱ्याचा टाका घातला. गोठ्यातून आली की ती मला धुऊन पुसून ठेवायची. माझा थाट काय विचारता!

एका वसंतात माझ्यावरचा भार हलका झाला. मी खूश झालो, मूर्खच मी. आपाचा डावा गुडघा कुरकुरू लागला होता आणि ती सगळं वजन उजव्या पायावर टाकत होती.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, सांध्याची झीज आत्ताच सुरू झालीय, रोज थोडं थोडं वाढवत चाला. पूरक गोळ्यांनी गुण येईल किंवा येणारही नाही, त्यांच्या भरवशावर बसून राहू नका. आपा नेमकी बसूनच राहिली. चहा, लोणी-पाव, वर एक गोळी, की झालं. सून अनारा चालायच्या विनवण्या करी, तेव्हा आपा म्हणे, "काम नसताना बाई रस्त्यानं निघाली, तर लोक विचारतील, गाय हरवली का म्हणून." आमच्या गावात खरंच विचारतात.

शेवटी मुलाने बजावलं की जूनपर्यंत न बसता नदीवरचा पूल ओलांडता आला नाही, तर यंदा डोंगरावरच्या कुरणात न्यायचं नाही. आपाचा एकही उन्हाळा खाली गावात गेला नव्हता. त्या दिवशी तिने मला पुसलंसुद्धा नाही.

ही गोष्ट तिची बालमैत्रीण बूबूश हिच्या कानावर गेली. ती पुलापलीकडे राहते. ती चहाला आली आणि जाताना स्वतःचा डावा जोडा दारात ठेवून खुशाल मला घालून चालू लागली. दुसऱ्या दिवशी आपा तणतणत मला आणायला निघाली. काम निघालं होतं ना! पुलावर तीनदा बसली. तिकडे ती चहा पीत होती तेवढ्यात बूबूश बाहेर आली, माझा निळा दोरा उसवून आपल्या जोड्यात घातला आणि गालातल्या गालात हसली. आपा तोच जोडा घालून गेली, नि तिसऱ्या दिवशी "जोडा परत बदलला" म्हणत पुन्हा आली. हा खेळ दीड महिना चालला. पुलावरच्या तीन बैठकांची एक झाली, मग तीही राहिली नाही. दुखणं पार गेलं नाही, पण आपा गुडघ्याला घाबरेनाशी झाली.

जूनमध्ये घोड्यांवर सामान चढलं. निरोपाला आलेल्या बूबूशने मान खाली घालून सगळं कबूल केलं.

आपा म्हणाली, "अगं, चाळीस वर्षं म्हशीगत थोराड पाय तुझा. तुझा जोडा माझ्या पायात ढगळ होतो, मला कळत नाही होय? पहिल्याच दिवशी कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर दुसऱ्या दिवशी कुठल्या कामाला निघाले असते?"

दोघी डोळे पुसेपर्यंत हसल्या.

आता मला भेग पडलीय, तिच्यावर सायकलच्या ट्यूबचं ठिगळ आहे. मित्रांनो, आम्हाला चुलीजवळ वाळवू नका, रबर तडकतं. आणि गुडघे गादीवर ठेवून जपू नका, त्यांना रोज फिरवून आणा. माझा निळा दोरा केव्हाच जागेवर आलाय. तरी कुरणातून परतल्यापासून आपा एक दिवसाआड सुनेला सांगते, "जोडा बदलून आणते गं," आणि मला घालून पुलाकडे निघते.