आठही जण अडकलेले

"वहिनी, ही आता माझ्याकडे राहत नाही हं," नणंद दारातून म्हणाली. तिच्या खांद्यावर माझ्या पाच महिन्यांच्या लेकीनं भोकाड पसरलं होतं.

"दहा मिनिटं सांभाळ गं."

"मघाशीही दहाच होती."

फोनवर रक्त तपासणाऱ्या लॅबमधले काका. "मॅडम, एकही रिपोर्ट बाहेर पडत नाहीये. वॉर्डात दोन दिवसांची मुलगी आहे, डॉक्टर तिच्या रिपोर्टसाठी खोळंबलेत. सर्व्हर बंद करून चालू करू?"

"नको! हात लावू नका."

लॅबचं सॉफ्टवेअर मी घरून सांभाळायचे. तपासणीचे रांगेतले आकडे कुठे साठवलेले नव्हते, नुसते मेमरीत होते. बंद केलं की पुसले जाणार, आणि त्या एवढ्याशा जिवाला परत सुई.

आमच्या थ्रेड पूलमध्ये आठ थ्रेड. म्हणजे पडद्यामागे राबणारे आठ जण. रांगेतलं काम उचलायचं, संपवायचं, पुढचं घ्यायचं. स्क्रीनवर आठही जण वाट बघत ठप्प. कोड उघडला. प्रत्येक जण रिपोर्ट बनवून त्यावरच्या डिजिटल सहीचं काम त्याच रांगेच्या शेवटी टाकत होता, आणि सही होईपर्यंत तिथेच उभा. सही करायला मोकळं कोण? कोणीच नाही. बाळंतपणाच्या रजेआधीच्या घाईत हे मीच लिहिलं होतं. एका वेळी दोन-चार रिपोर्ट यायचे, निभावलं. आज तपासणीचं यंत्र सकाळभर बंद होतं, साचलेले चाळीस एकदम आले.

चालू पूलमध्येच एक थ्रेड वाढवला. त्यानं पुढचा रिपोर्ट उचलला आणि तोही जाऊन उभा राहिला. नववा.

सह्यांच्या पुढे अजून एकतीस रिपोर्ट. म्हणजे चाळीस थ्रेड नुसते अडकणार, सह्यांना वर पाच धरले तर पंचेचाळीस तरी हवेत. तेवढी मेमरी पुरेल? नाही पुरली तर सर्व्हर आपणहून बंद पडेल.

"मॅडम, डॉक्टर विचारतायत, परत रक्त काढू का?"

"वहिनी!"

"आण तिला इकडे. काका, एक मिनिट."

लेकीला पदराखाली घेतलं, मोकळ्या हातानं चार आणि पाच दाबले. एंटर. मेमरी एक्क्याण्णव टक्के. चौऱ्याण्णव. सत्त्याण्णव. तिथेच थबकली.

"काका?"

"थांबा... आला! तिचाच आला! डॉक्टरांनी उघडलासुद्धा." मग जरा वेळानं, "घोळ कुणाचा होता हो?"

"माझा."

"बरं. आणि तिकडचं रडणं थांबलं वाटतं?"

"पितेय."

नणंद उशी माझ्या कोपराखाली सरकवून गेली. लेकीचं पिऊन व्हायच्या आत, एका हातानं, मी सह्यांसाठी वेगळा पूल लिहायला घेतला. दोनच थ्रेडचा.