न बोलावता येणाऱ्यांचा दिवा

जरा जवळ सरका, माझा आवाज वातीएवढाच आहे. मी लाल काचेचा, पितळी साखळीचा टांगता दिवा. गाव माझं सर्बियातलं, स्रेम्स्की कार्लोवची. डॅन्यूब नदीकाठी हिवाळ्यात असं धुकं यायचं, की चर्चचे दोन्ही मनोरे दिसेनासे व्हायचे, नुसत्या घंटा ऐकू यायच्या. टेकडीवरच्या प्रार्थनाघराला चार दारं. पूर्वी तिथे तहाला राजदूत आले, तेव्हा आधी कोण शिरणार यावरून रुसवेफुगवे नकोत, म्हणून म्हणे! माणसं तरी काय एकेक.

मी एका घरात संत निकोलाच्या तसबिरीपुढे असे. तुमच्याकडे कुलदैवत असतं ना, तसा हा त्या घराचा संत. त्याचा दिवस डिसेंबरात. त्या दिवशी कुणालाही बोलवायचं नाही, हीच रीत. दार नुसतं उघडं ठेवायचं. ज्याला आठवण असते तो येतो आणि उकडलेल्या गव्हात अक्रोड-साखर घालून केलेला घास आधी तोंडात टाकतो. काय गर्दी व्हायची!

त्या घरची नात मिलेना संशोधनासाठी जपानात, त्सुकुबाला आली. येताना मला लोकरी मोज्यात गुंडाळून घेऊन आली. गेल्या वर्षी तिनं सगळं साग्रसंगीत केलं, दार उघडं ठेवलं. कुणी फिरकलंच नाही. इथे बोलावल्याशिवाय कोण कुणाकडे जातं हो? मला फार वाईट वाटलं.

यंदा वात लावताना ती म्हणाली, "आजही कुणी आलं नाही, तर तुला गावच्या संग्रहालयात पाठवून देईन. एकटीनं नाही जमत मला."

मी हबकलोच.

दुपार टळली. थंडी आत येत होती, गहू वाडग्यात तसेच. हळूहळू मला माझ्याच ज्योतीत नदी दिसायला लागली, घंटा ऐकू यायला लागल्या. बहुधा डोळा लागत होता.

तेवढ्यात दारातून हाक आली. "मिलेना? अगं, दार सताड उघडं! बरी आहेस ना?"

वरच्या मजल्यावरची सुरेखा, पुण्याची. दोघी बोलतात इंग्रजी-जपानीची खिचडी, मी आपलं तुम्हाला मराठीत सांगतोय. तिनं मला पाहिलं आणि पायातले बूट कधी निघाले, तिचं तिलाही कळलं नाही. हात जोडले. मिलेनानं गव्हाचा चमचा पुढे केला, तर हिनं उजवा तळवा पुढे केला, प्रसाद घेतात तसा! मिलेना गोंधळली, मग तिनं गहू तळव्यावरच घातले.

"आधी सांगायचंस ना," सुरेखा म्हणाली.

"सांगायचं नसतं, सुरेखा-सान. ज्याला यायचं तो येतो."

"अगं बाई, आमच्या गणपतीसारखंच की!" तिनं लगेच वर लेकीपाशी असलेल्या नवऱ्याला फोन लावला. "अंबरीष, जुईला घेऊन खाली ये. अरे, आमंत्रण कसलं? दर्शनाला कुणी आमंत्रण मागतं का?"

मिलेना ओट्याकडे तोंड करून रडत होती. मला सगळं दिसत होतं, पण मी कुणाला सांगणार!

मी अजून इथेच टांगलेला आहे, संग्रहालयाचं नावही निघत नाही. कारण त्या संध्याकाळी निघताना सुरेखा दारातून म्हणाली, "पुढच्या वर्षीही मुळीच सांगू नकोस हं. आम्ही येऊ."