पाचवं काडतूस

लढाईच्या त्या जुन्या फिलममधल्या बंदुका, पट्टे, हेल्मेटं, पाण्याच्या बाटल्या, सगळं सामान मालकिणीच्या घरच्या कारखान्यातलं. नवऱ्यानं घडवायचं, तिनं रंगवायचं. नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती. आता चित्रपटांच्या संग्रहालयात त्या सामानाचं एक दालन उघडणार होतं आणि दारावर त्याच्या नावाची पितळी पाटी लागणार होती. अट एकच होती. हत्यारांच्या जाणकारानं सामान तपासून ‘काम अस्सल’ असं लिहून दिलं पाहिजे.

म्हणून मालकीण सकाळपासून दालनात खुर्ची टाकून बसली होती. बाजूला मुलगा आणि सून. मुलगा पन्नाशीला आलेला, पोट सुटलेला, टक्कल पडलेला. समोर जाणकार. हातात पांढरे मोजे, डोळ्याला भिंग. प्रत्येक वस्तू उचलायचा, हुंगल्यासारखी जवळ न्यायचा आणि वहीत फुली मारायचा.

“मावशी, हे बक्कल त्या लढाईच्या वेळी नव्हतंच. चार वर्षांनी आलं.”

“बरं मग, आमची फौज चार वर्षं पुढची होती.”

“पाण्याची बाटली उजव्या बाजूला लटकवलीय. ती डाव्या बाजूला असते.”

“हिरो डावखुरा होता. तहान लागली तर काय उलटा हात करून पिणार?”

सून पदराआड हसली. जाणकार हसला नाही. त्यानं फिलमचा एक फोटो पुढे सरकवला. “आणि हा रणगाडा नाही. हा ट्रॅक्टर आहे. वर प्लायवूड ठोकलंय.”

“हो, ठोकलंय! मीच रंगवलंय. त्याच्याखाली माणूस सापडतो तेव्हा अख्खं थिएटर रडायचं. ट्रॅक्टर बघून रडायचं का रे? आणि तुझा जन्म तरी झाला होता का तेव्हा?”

“आई, जरा दमानं,” मुलगा म्हणाला. “त्यांचं कामच आहे ते.”

“चुका काढणं हे काय काम झालं? ते तर घरोघरी फुकट चालतं.”

तोंड चालू होतं, पण नजर वहीवर होती. वहीतल्या फुल्या तिला दिसत होत्या. वाचता जेमतेम यायचं, पण फुली कुणालाही कळते. आणखी पाचसहा फुल्या पडल्या की पाटी गेली. तिच्या नवऱ्यानं आयुष्यभर एकच हेका धरला होता. खरं दिसलं पाहिजे. त्यापायी तो जेवणावरून उठायचा.

शेवटी जाणकारानं प्रोजेक्टरनं भिंतीवर एक मोठं चित्र पाडलं. फिलममधला सगळ्यांना पाठ असलेला सीन. हिरो पाच काडतुसांची पट्टी रायफलीत दाबतो, भिंतीला टेकलेल्या सहा वर्षांच्या पोरावर नेम धरतो, चापावर बोट थरथरतं, आणि मग तो बंदूक खाली घेतो. ते पोर म्हणजे मालकिणीचा हाच मुलगा. आयुष्यातलं त्याचं एकमेव काम. अजून पाहुण्यांना सांगायचा.

“इथे मात्र मी हात जोडले,” जाणकार म्हणाला. आवाजच बदलला होता त्याचा. “ही रायफल खरी आहे.”

“तेवढी एकच खरी होती,” मुलगा फुशारकीनं म्हणाला. “बाकी लाकडाच्या. गोळी उडवणारी आतली पिनसुद्धा बाबांनी काढली नाही. म्हणायचे, पिन काढली की मागचा भाग ढिला दिसतो.”

“आणि काडतुसं बघा. पोकळ काडतुसाला बाजूनं भोक पाडायची पद्धत असते. आत दारू नाही हे लांबूनच कळावं म्हणून. ह्या चार काडतुसांवर बारीक ठिपका दिसतोय? भोक बुजवलंय, कॅमेऱ्यासाठी. सुंदर काम.”

“मेण आणि पितळेचा कीस,” मालकीण ताठ होऊन म्हणाली. “मी बुजवली ती. माझी नजर बारीक.”

“पण हे पाचवं बघा. ह्यावर ठिपकाच नाही. भोकच पाडलेलं नाही. दारू काढून पुन्हा जोडलं असणार, पण खूण कुठे नाही. हे अगदी अस्सल. शंभरात शंभर!” त्यानं काचेच्या पेटीतून तीच पट्टी काढली आणि पाचवं काडतूस चिमटीत धरून उजेडात फिरवलं. “उद्घाटनाला लोकांना हे हातात घेऊ देणार आहोत. रायफलीत पट्टी दाबूनही बघता येईल.”

मालकिणीनं पुढे वाकून काडतुसाकडे पाहिलं.

तिला त्या सीनची सकाळ आठवली. नवरा शिपायांच्या हेल्मेटांचे पट्टे आवळायला गेला होता आणि जाताना वाटी पुढे ठेवून म्हणाला होता, भोकं बुजव, चकाकी एकसारखी दिसू दे. वाटीत पाच काडतुसं होती. चारांची भोकं तिनं बुजवली. पाचवं अंगठ्यानं फिरवून फिरवून पाहिलं, भोक काही सापडेना. तिला वाटलं, हे ह्यानं आधीच बुजवलंय, आणि माझ्यापेक्षाही साफ बुजवलंय. मनात जळफळाट झाला. विचारायला जायचं तर आपली नजर कमी पडली हे कबूल करायचं. ती गेली नाही. पाचही पट्टीत बसवली आणि पट्टी हिरोच्या हातात दिली.

आठवड्यानं कपाटाखाली एक भोकाचं काडतूस सापडलं होतं. ते तिनं खिळ्यांच्या डब्यात टाकलं. जास्तीचं असेल, एवढंच मनात आलं. म्हणजे भोकाचं पाचवं घरंगळून तिथे गेलं होतं, आणि वाटीतलं पाचवं हा नमुना होता. चकाकी जुळवायला ठेवलेला, खराखुरा.

“आई?” सून जवळ आली. “पांढऱ्याफटक पडलात. पाणी देऊ?”

गप्प बसलं असतं तर पाटी पक्की होती. जाणकार वहीत फुली न मारता काहीतरी लांबलचक लिहीत होता. शंभरात शंभर.

“ते खाली ठेव,” ती म्हणाली.

“काय?”

“काडतूस. हळू ठेव. त्यात दारू आहे.”

जाणकार हसायला गेला आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून थांबला. त्यानं छोटा काटा आणला. चारांचं वजन एकसारखं भरलं. पाचव्याला काट्यानं जास्त दाखवलं. त्यानं पुन्हा ठेवून पाहिलं. मग दोन पावलं मागे सरकला.

“सगळे बाहेर,” तो पुटपुटला. “पोलिसांना बोलवायला हवं.”

बाहेरच्या पायऱ्यांवर सगळे उभे राहिले. मग जाणकार वही उघडून म्हणाला, “मावशी, हे मला लिहावं लागेल. पाटीचं आता…”

“लिही. पण त्याच्या माथी मारू नकोस. भोकं बुजवायचं काम माझं होतं. त्यानं नमुना दिला, आणि मी न विचारता पट्टीत बसवला. असं लिही. फुली मोठी मार.”

“एवढं खरं कुणी विचारलंही नव्हतं तुम्हाला.”

“तू रणगाड्याचं खरं काढलंस. मग हे कशाला लपवायचं?”

मुलगा खालच्या पायरीवर बसला होता. ती गुडघे धरत खाली उतरली आणि त्याच्या शेजारी टेकली. त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही.

“आई, हिरो बोट चापावर ठेवून उभा होता. किती वेळ?”

“तीनदा घेतला तो सीन.”

“आणि तू कुठे होतीस?”

खोटं बोलायला तिला कधी वेळ लागत नसे. आता लागला, आणि तरी सुचलं नाही.

“कॅमेऱ्यामागे,” ती म्हणाली. “तू रडत होतास. मी तुला दटावत होते, डोळे मिटू नकोस, हलू नकोस, शॉट बिघडेल.”